दोन्हींतली हलकी

माझा धाकटा भाऊ शिलाई मशिनी दुरुस्त करतो. दुकानात मशीन आलं की आधी ते सगळं खोलायचं, एकेक भाग धुऊन तेलात टाकायचा आणि मगच बिघाड काय ते बघायचं, ही त्याची पद्धत. गिऱ्हाईक बसतं बोंबलत. त्यामुळे गल्लीतल्या शिंपीणबाईंचं चोरीला गेलेलं मशीन पोलिसांना त्याच्याकडे सापडलं, ते डब्याडब्यांतून. चाकावरचा नेलपॉलिशचा ठिपका बाईंनी ओळखला. बाकी कोणाच्या हाताचा म्हणून ठसा उरलेला नव्हता.

चौकीत हा म्हणाला, "मीच उचललं." कोर्टात म्हणाला, "एकाने आणून दिलं. चोरीचं आहे हे कळत होतं, पण स्वस्तात मिळालं म्हणून ठेवलं." दोन्हींतलं एकच खरं असणार, आणि गुन्हा तर दोन्हींत होता. वकिलांनी कपाळाला हात लावला.

भावजय निकालाच्या आदल्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली होती, "कोर्टाला काय ते ठरवू दे, ताई. स्वस्ताच्या मोहात पडले असतील तर चार शिव्या घालून घरात घेईन. पण त्या शिंपीणबाईकडे येता-जाता चहा पिऊन तिचंच मशीन उचललं असेल, तर ह्या माणसाबरोबर मला राहता येईल का, मला खरंच माहीत नाही."

जजसाहेबांनी चष्मा पुसला आणि निकाल वाचला. दोनपैकी एक गुन्हा नक्की घडलाय. कोणता, ते पुराव्यावरून ठरत नाही. अशा वेळी ज्याची शिक्षा हलकी, तीच द्यायची. म्हणजे चोरीचा माल ठेवल्याबद्दल सहा महिने.

मला हायसं वाटलं. भावजयीच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

बाहेरच्या बाकावर हवालदाराने दोन मिनिटं बोलू दिलं.

"काय केलंत नक्की?" तिने विचारलं.

"ऐकलंस ना आत? हलकं असेल ते धरायचं."

"ते त्यांचं. त्यांना तुमच्या शेजारी बसून जेवायचं नाहीये."

भाऊ चपलेकडे बघत म्हणाला, "मीच उचललं."

त्याने ऐकलं तर नाही ना, म्हणून मी हवालदाराकडे बघितलं. तो मन लावून कान कोरत होता.

भावजय त्याची कॉलर सरळ करत म्हणाली, "सुटाल तेव्हा आधी त्या शिंपीणबाईच्या दारात जायचं. मला सांगितलंत तसंच तिला सांगायचं, तोंडावर. तिने उंबऱ्याच्या आत घेतलं, तर मीही घेईन."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर दुसऱ्या दिवशी परत जायचं."

"जजसाहेब बरे होते गं, ताई," तो माझ्याकडे वळून म्हणाला.

"अपील माझ्याकडे करू नकोस," मी म्हटलं.