हरकतीचा शिक्का

मी हरकतीचा शिक्का बोलतोय. लाकडी मूठ, तळाला रबर आणि त्यावर एकच शब्द उलटा कोरलेला. नगरपालिकेच्या टेबलावर पत्र्याच्या डबीत राहतो.

आम्ही तिघं भाऊ, एकाच कारागिराच्या हातचे. थोरला ‘पाठिंबा’, मधला ‘लक्ष ठेवा’, धाकटा मी. राज्याच्या विधानसभेत किंवा केंद्राच्या संसदेत गावाशी संबंधित विधेयक आलं, की त्याची प्रत आमच्या काकांकडे येई. काका इथले जुने कारकून. ते आमच्यापैकी एकाचा ठसा उमटवत, अध्यक्षबाई सही करत आणि गावाचं मत वर जाई.

थोरल्याची पार झीज झाली. मी मात्र नऊ वर्षं कोराच.

“वरच्यांशी वाकडं कशाला घ्यायचं?” काका म्हणत. माणूस लाख मोलाचा, पण सवय वाईट. विधेयकाचं नाव वाचायचे, पान उलटायचे नाहीत.

एकदा ‘पाणीपुरवठा सुलभीकरण विधेयक’ आलं. नाव कसं गोड! काकांनी थोरल्याला उचललं. पत्र गेलंसुद्धा.

महिनाभराने चावीवाला हजेरीची सही करायला आला. गावाच्या नळांना पाणी सोडणारा तो. शिक्षण बेताचं, त्यामुळे एकेका ओळीखाली बोट धरून वाचणार. काका चहाला गेलेले, विधेयकाची प्रत टेबलावरच पडलेली. परत येतात तो याचं बोट एकविसाव्या कलमावर.

“काका, हे वाचलंत?”

“सुलभीकरण आहे रे बाबा. चांगलंच असणार.”

“आपला तलाव राज्याच्या मंडळाकडे जाणार, असं लिहिलंय. चावी कधी फिरवायची, ते राजधानीतून ठरणार. मग मी काय करू? नळाला हवा घालू?”

काकांनी चष्मा पुसला. वाचलं. पुन्हा वाचलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्यांच्या.

अध्यक्षबाई वैतागल्या. “पाठिंबा देऊन बसलोय आपण! आता फिरलो तर हसं होईल.”

“होऊ द्या, बाई. चूक माझी आहे, मलाच हसू देत,” काका म्हणाले. “उद्या या विधेयकावर विधानसभेच्या समितीची शेवटची सुनावणी आहे. मी जातो.”

तातडीने सभा भरली, ठराव झाला. आणि मग, पहिल्यांदाच, काकांची बोटं माझ्या मुठीवर आली. मी शाईत बुडालो आणि असा उमटलो की खालच्या कागदावरही वळ उठला.

काकांनी मला बरोबर नेलं, पिशवीत, डब्याशेजारी. समितीच्या दालनात उंच खुर्च्या, जाड गालिचा. अध्यक्षसाहेबांनी आमचं जुनं पत्र नाचवलं.

“हा ठसा तुमच्याच गावाचा ना?”

“होय साहेब. मीच मारलाय.”

“मग आता हे काय?”

“तो पाठिंबा नावाला होता. ही हरकत आतल्या मजकुराला आहे.” काकांनी मला काढून टेबलावर ठेवलं, खट्टकन. “नऊ वर्षं आम्ही हा वापरला नाही, म्हणून तुम्हाला वाटलं असेल, आमच्याकडे हा नाहीच.”

कुणी हसलं नाही. त्या वर्षी एकविसावं कलम वगळलं गेलं.

आता काका निवृत्त झालेत. माझ्या शब्दाची एक कड उडालीये. नवे साहेब म्हणतात, शिक्के टाकून द्या, एका बटणावर काम होतं. टाका खुशाल. पण त्या बटणावर बोट ठेवण्याआधी पानं उलटा, एवढंच या म्हाताऱ्याचं मागणं आहे.

कारण तलाव पुन्हा मागितलाय, या खेपेस केंद्राने. विधेयकाचं नाव आणखी गोड आहे. समोर बाकावर चावीवाला बसलाय, बोट नवव्या कलमावर आहे. घाई करू नका त्याला. डबीचं झाकण उघडं आहे, शाई ओली आहे आणि मी अजून उमटतो.