रुपालीला भेटायला

सिद्धम्माने शेंगदाण्याचा लाडू फोडला आणि मोठा तुकडा समोरच्या सहा वर्षांच्या मुलीपुढे धरला.

"बा इल्लि, तंगी."

रुपाली मथुराबाईंच्या पदराआड सरकली. "मावशी, ही काय बोलती?"

मथुराबाई या सोलापुरातल्या बालगृहात मुलं सांभाळत. उत्तरासाठी त्यांनी भिंतीपाशी उभ्या असलेल्या धम्मप्रियाकडे पाहिलं. बालगृहांत होणारी भावंडांची ताटातूट हा धम्मप्रियाच्या संशोधनाचा विषय. वय वेगळं म्हणून संस्था वेगळी, या पद्धतीविरुद्ध तिने वर्षानुवर्षं अहवाल लिहिले, मुंबईच्या खेपा घातल्या. अखेर एवढी परवानगी मिळाली, की भावंडांना महिन्यातून एकदा भेटवायचं आणि रुळली तर एकत्र ठेवायचं. ही त्यातली पहिली भेट.

कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीला आई वारली तेव्हा सिद्धम्मा दहा वर्षांची होती, रुपाली दोनची; तेव्हाच दोघी वेगवेगळ्या बालगृहांत गेल्या. घरात कानडी; 'तंगी' म्हणजे धाकटी बहीण. धाकटीची कानडी पुसली गेली होती आणि तिच्यासोबत बहीणही.

"अगं, ती तुझी..." मथुराबाई बोलू लागल्या.

"नका सांगू," सिद्धम्मा मराठीत म्हणाली.

लाडू कागदावर ठेवून ती मागे सरकली. पिशवीतून सागरगोटे काढून एकटीच खेळू लागली. रुपाली लांबून बघत राहिली. मग तिने लाडू उचलला. मग शेजारी येऊन बसली.

"मला दे की."

सिद्धम्माने सगळे सागरगोटे तिच्या ओंजळीत ओतले.

निघताना ती धम्मप्रियाजवळ थांबली.

"मॅडम, तिला इतक्यात सांगू नका. घाबरंल. आदी वळख होऊ द्या, मग मीच सांगते."

"तोवर परकी म्हणून येणं तुला जमेल?"

"मला ठाव हाय की ती कोन हाय ते."

धम्मप्रियाने चष्मा काढला, ओढणीने पुसला आणि मान हलवली.

सिद्धम्माला घेऊन रिक्षा वळली तशी रुपाली फाटकाशी धावली.

"ती परत येनार?"

"येणार. पुढच्या महिन्यात," मथुराबाई म्हणाल्या.

"हितं कोन हाय तिचं?"

मथुराबाईंनी तोंड उघडलं. धम्मप्रियाने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"आहे एक मुलगी," ती म्हणाली.

रुपालीने जरा विचार केला.

"मग तिला बी घेऊ की खेळायला."