बारा चिठ्ठ्या

हिरव्या कापडावर तोंडी परीक्षेच्या प्रश्नांच्या बारा चिठ्ठ्या पालथ्या मांडलेल्या. मुलं नऊ. शेवटच्या मुलापुढेही किमान चार चिठ्ठ्या उरल्या पाहिजेत असा डेन्मार्कचा नियम, म्हणून बारा. मी बाहेरून आलेला परीक्षक; असले हिशेब माझ्याकडेच.

शेजारी जीवशास्त्राचा मास्तर होल्गर मुंकबो. तेवीस वर्षं शेवटच्या वर्गाला शिकवतोय आणि आज सकाळपासून नुसता पाणी पितोय. कुणी चिठ्ठीला हात घातला की ग्लास तोंडाला, चिठ्ठी वाचून झाली की ग्लास खाली. चौथ्या मुलापासून मी ग्लास मोजू लागलो.

जेवणाच्या सुट्टीत काळ्या पावावरचा मासा तसाच ठेवून त्याने सांगून टाकलं. वर्षभरात काय शिकवलं याची यादी त्याने गेल्या वर्षीवरून उतरवली होती, प्रश्नही त्यावरूनच काढले. मूत्रपिंडाचा धडा यादीत होता, वर्गात मात्र झालाच नव्हता. मार्चमध्ये मुलं आपापल्या घरच्या वंशावळी काढण्यात रमली, याला त्यांना थांबवावंसं वाटलं नाही. ध्यानात आलं ते काल.

मी म्हटलं, काढून टाक ती चिठ्ठी.

"मग शेवटच्या पोरीपुढे तीनच उरतील."

"मुख्याध्यापिकेला सांग."

"म्हणजे सगळ्या वर्गाची परीक्षा पुन्हा ऑगस्टात. पाच जणांच्या डोक्यावर शाळा संपल्याच्या पांढऱ्या टोप्या चढल्यात, त्या उतरवायला तू जाणार?" मग हळूच म्हणाला, "आणि यादीला संमती कुणाची होती रे, शहाण्या?"

माझी. न वाचता, चार मिनिटांत पाठवलेली.

दुपारी आम्ही दोघंही पाणी पीत होतो. एकेक पोर सुटत होतं. दाराबाहेर घरची माणसं त्याला पांढरी टोपी घालत, लाल-पांढरे झेंडे हलवत. शेवटी आल्बेर्ते आली. तिला डॉक्टर व्हायचं होतं आणि प्रवेश याच एका परीक्षेच्या गुणांवर अडला होता.

तिने चारांतली डावीकडची उचलली. वाचली.

"होल्गर, हे आपण कधी केलं?"

मी नुसती यादी पुढे सरकवली असती तरी पोरगी गप्प बसली असती. होल्गरने ग्लास उचलला. रिकामा होता.

"नाही केलं," तो म्हणाला. "चूक माझी. ठेव ती."

आता दोघंही माझ्याकडे बघत होते.

"दुसरी काढ," मी म्हटलं.

उरलेल्या तिनांतून तिला पचनसंस्था आली. बारा गुण दिले; त्याच्या वर इथे द्यायला काही नसतं.

ती बाहेर गेल्यावर मी अहवालाचा कागद ओढला. शेवटच्या विद्यार्थ्यापुढे किती चिठ्ठ्या होत्या? तीन, मी लिहिलं. यादी परीक्षकाने केव्हा तपासली? तिथे पेन जरा वेळ टेकलं. तपासली नाही, असं लिहून कागदाची घडी केली.

"तिचे बारा राहतील?" होल्गरने विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. कागद खिशात घालून आम्ही उठलो. खोलीला दार एकच, आणि दाराबाहेर आल्बेर्तेची आजी हातात झेंडा घेऊन होल्गरला मिठी मारायला थांबलेली.