निम्म्यावरचं औषध

डब्यावरच्या चिठ्ठीचा एक कोपरा सुटला होता, आणि तो अंगठ्याने दाबता दाबता तिच्या लक्षात आलं, की आपण फ्रिजचं दार केव्हाचं उघडं ठेवलंय... चौदा नंबर. शिंपीकाका. औषधाच्या चाचणीतल्या बावीस जणांत हे एकटेच हाताची पकड मोजायच्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. बोटांतलं बळ हळूहळू काढून घेणारा आजार. त्यावरचं हे नवं औषध – की नुसतीच साखरेची गोळी, ते तिलाही ठाऊक नव्हतं, तेच तर कळायचं होतं – सातवा महिना, आणि आता साथ आली म्हणून सगळं बंद. मागे कामगार टेबलं बाहेर काढत होते. संध्याकाळपर्यंत इथं साथीच्या रोग्यांच्या खाटा लागणार. खाटांशी तिचं भांडण नव्हतं; कालची ड्युटी तिने तसल्याच खाटांमध्ये काढली होती, कानांमागे मास्कचे वळ अजून होते.

सकाळी फोनवर सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "सिस्टर, माप घेतलंत, कापड कापलंत, आणि आता शिवायचं नाही म्हणता?"

ती हसली होती. फोन ठेवल्यावर मात्र ताई आठवली... ताईचे हात असेच गेले – आधी वेणी, मग पेला, मग माझं बोट धरणं. डॉक्टर दर खेपेला म्हणायचे, संशोधन चालू आहे. आणि आम्ही दोघी बहिणींनी त्या 'चालू आहे'वर नऊ वर्षं काढली. कुठे चालू होतं? कुठल्या खोलीत? तिथलीही टेबलं अशीच कुणी उचलून नेली असतील का...

तिने उभ्या उभ्याच चाचणी चालू ठेवण्यासाठी अर्ज लिहिला आणि मोठ्या डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांचे डोळे सुजले होते. तीन दिवस तेही घरी गेले नव्हते.

"लोक श्वासासाठी तडफडताहेत, आणि तुम्हाला बोटांचं पडलंय?"

"हो. इथली ड्युटी मी चुकवणार नाही. औषध पोचवणं, पकड मोजणं – ड्युटी संपल्यावर करीन. त्यांच्या दारातूनच."

"वरून आदेश आहे, बाई."

"मग 'नाही' असं लिहून द्या, खाली सही करा. बाकीच्या एकवीस जणांना मी नुसतं तोंडी सांगणार नाही."

त्यांनी पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं. "उद्या बघू."

उद्या... एरवी या शब्दावर ती 'बरं सर' म्हणून वळली असती, अकरा वर्षं वळतच आली होती – जणू रोग्यांसाठी मागायचं ते स्वतःसाठी मागतोय, अशी ओशाळून. आज तिने समोरची खुर्ची ओढली, बसू का म्हणून न विचारता बसली. अर्ज पुन्हा त्यांच्या पेनाजवळ सरकवला. भीती होतीच, पण ओशाळं काही वाटत नव्हतं, शोधूनही.