ताईचा शेवटचा काप

ताई जाऊन सहा वर्षं झाली, तरी धाकटी रोज सकाळी तिला कापायची. ऐकायला भयंकर वाटेल, पण नोकरीच तशी होती. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत, रुग्णांच्या गाठींच्या, मेणात बसवलेल्या तुकड्यांचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर चढवायचे, रंगवायचे. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं एक प्रथिन असतं; ते असलं की पेशींच्या कडांवर तपकिरी रेघा उमटतात. ताईच्या पोटातल्या गाठीत ते नव्हतं. पेशी एकमेकींना सोडून पांगल्या आणि चार महिन्यांत सगळं आटोपलं. रंग बरोबर बसलाय ना, हे पडताळायला प्रत्येक काचेच्या वरच्या टोकाला हमखास कोरा राहणारा तुकडा लावतात. त्यासाठी कुणीतरी ताईच्याच गाठीचा मेणाचा ठोकळा निवडला. नंबर फक्त धाकटीने ओळखला, आणि ती गप्प बसली.

"हळू गं बाई," पातं फिरलं की ताई कानाशी म्हणायची. "जिवंतपणी कमी छळलंस का?"

आज दुसऱ्या ठोकळ्यावर भाचीचं नाव होतं. ताईची एकुलती एक लेक, वय सव्वीस. पोटात तसाच डाग दिसला होता.

नियम साधा होता: सुरकुत्या जाव्यात म्हणून काप कोमट पाण्यात तरंगवायचे, पण एका वेळी एकाच ठोकळ्याचे, म्हणजे अदलाबदल होत नाही. एकवीस वर्षांत धाकटीने तो मोडला नव्हता. आज मोडला. मायलेकींना घटकाभर शेजारी राहू दे, एवढंच मनात आलं. डोळे भरून आले, आणि काप काचेवर कसे चढले ते तिला नंतर धड आठवेना.

"खालचा तुकडा कोरा," डॉक्टरीणबाई सूक्ष्मदर्शकातून म्हणाल्या. खालची जागा भाचीची. कोरा म्हणजे ताईचाच रोग.

"पण वरचा तपकिरी कसा? तो कोरा हवा. एक तर रंग चुकलाय, नाहीतर तू."

"मीच, बाई. दोन्ही एकत्र तरंगवले."

"तू?" बाई बघतच राहिल्या. "पुन्हा कर. भाची आहे म्हणून उगाच मनाच्या समाधानासाठी नको, नीट कर."

ताईच्या ठोकळ्यात आता एकच काप उरला होता.

"यानंतर तू नाहीस," धाकटी पुटपुटली.

"मग कुणासाठी राखून ठेवतेस? हळू काप."

या वेळी आधी ताई, मग पाणी बदलून भाची.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिलाच सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. वर कोरं, पांगलेलं. खाली मात्र कडेकडेने तपकिरी रेघा, प्रत्येक पेशी शेजारणीला घट्ट धरून. "हा तो रोग नाही," बाई म्हणाल्या. म्हणजे काल ताई लेकीच्या जागी जाऊन बसली होती.

धाकटीने फोन लावला. भाची आधी हसली, मग हमसून हमसून रडली. "मावशी, आज आई हवी होती गं."

"होती," धाकटी म्हणाली.

मग तिने ताईच्या जागी नवा ठोकळा लावला. पातं फिरलं. ती थांबली, कान देऊन बसली. कुणीच काही बोललं नाही.