मी दुखत नव्हतेच

मी एक दाढ बोलतेय. किडकी नाही, हे आधीच सांगून ठेवते. कारण मला काढून टाकलं म्हटलं की लोक तेच धरून चालतात.

वरूडच्या केशरबाईंच्या उजव्या जबड्यात, खालच्या ओळीत, मी त्यांच्या बाराव्या वर्षी उगवले. चाळीस वर्षं भाकर, फुटाणे, ऊस, सगळं चावलं. संत्र्याच्या शेडमध्ये फळं निवडताना बाई खदखदून हसायच्या, तेव्हा मीही जराशी दिसायचे. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू?

माझ्या मुळांखालून एक नस जाते. दोन वर्षांपूर्वी ती बिघडली. गालाला वारा लागला, चूळ भरली, नुसतं बोललं तरी झटका यायचा. काही क्षणांचाच, पण बाई हातातलं फळ टाकून जागच्या जागी थिजायच्या. मी त्या नसेची शेजारीण, मला सगळं कळत होतं. पण सांगणार कुणाला?

अमरावतीच्या दातांच्या डॉक्टरांपुढे बाई म्हणाल्या, "साहेब, दाढेत करंट लागते."

"कुठं? बोट ठेवून दाखवा."

बाईंचं बोट गालाच्या दोन इंच अलीकडेच थांबलं. हात लागला की झटका यायचा ना!

"लावा की बोट! नाटकं कशाला?" म्हणत डॉक्टरांनी आरशाच्या दांडीने मलाच ठोकलं. बाई किंचाळल्या. झालं, मी गुन्हेगार ठरले. एक्स-रेत माझ्यात काही दिसलं नव्हतं, तरी "आतून खराब असेल" म्हणून मला उपटलं. बाईंनी मला मागून घेतलं. "चांगली तं दिसून राहिली," एवढंच त्या पुटपुटल्या आणि कापसात गुंडाळून पिशवीत ठेवलं.

पाचव्या दिवशी झटका परत आला, त्याच जागी. मग माझ्या शेजारची दाढ गेली. मग दुसऱ्या एका डॉक्टरांनी बाईंकडे न बघताच "टेन्शन घेता तुम्ही" म्हणून गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी बाई दिवसभर पेंगायच्या. शेडवरचं काम सुटलं. मोतीरामभाऊ नवरा म्हणून भला माणूस, पण तेही एकदा म्हणाले, "दोन दाढा काढल्या, तरी दुखतेच? कावून ढोंग करून राहिली?" त्या दिवसापासून बाईंनी सांगणंच सोडलं. मला फार वाईट वाटलं.

आज त्या लेकीकडे, अकोल्याला आहेत. इथल्याही दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्यात. बाई थांबत थांबत म्हणाल्या, "आता एकएक कावून काढता? इकडच्या... साऱ्याच काढा. मले माह्या नातीसंगं बोलता आलं पाह्यजे."

डॉक्टरांनी पक्कड उचलली. तेवढ्यात लेकीने, माधवीने, बाईंच्या पिशवीतला कापूस उलगडून मला डॉक्टरांच्या तळहातावर ठेवलं. "सर, पहिले हे पाहा. मायची पहिली काढलेली दाढ. हिच्यात काय खराब होतं ते सांगा, मंग दुसरीले हात लावा."

डॉक्टर मला दिव्याखाली फिरवून बघताहेत. दुसऱ्या हातात पक्कड तशीच आहे.

साहेब, नीट बघा. मुळं शाबूत आहेत, कीड कुठेच नाही. मी दुखत नव्हतेच, आणि तोंडात उरल्यात त्याही दुखत नाहीत. दुखतेय ती नस. ती पक्कड खाली ठेवा आणि बाईंना विचारा, नेमकं काय होतं. बोलताना त्यांना झटका येईल, त्या मध्येच थांबतील. तुम्हीही थांबा. आजवर तेवढा वेळ कुणी थांबलंच नाही.