अगं बये

हवालदारांनी सोफ्याच्या कडेला जेमतेम टेकून पुन्हा उठायची तयारी केली, तेव्हा आईने चहाचा कप सरळ त्यांच्या हातातच दिला. हातात भरलेला कप असला की माणसाला पटकन उठून जाता येत नाही, हे तिला इतक्या वर्षांच्या संसारात कळून चुकलं होतं.

“मॅडम, मी फक्त माफी मागायला आलो होतो,” ते म्हणाले.

आई आणि मुलगी, दोघींनीही एकदम वर पाहिलं. घरात दोन मॅडम झाल्यापासून हा घोळ नेहमीचाच. मुलगी सैन्यात लेफ्टनंट होती, हेलिकॉप्टर चालवायची. हवालदारही शेजारच्या खुर्चीत बसून तेच हेलिकॉप्टर चालवायचे, आणि ती शाळेत धडे गिरवत होती तेव्हाही ते उडतच होते. फरक एवढाच की ती अधिकारी होती आणि ते नव्हते.

अधिकारी नसलेल्यांनी हेलिकॉप्टर चालवावं की नाही, हे ठरवायला उद्या सकाळी एक समिती बसायची होती. नको असं ठरलं, तर हवालदारांसारखे जे थोडे लोक उडत होते तेही कायमचे खाली उतरणार होते. समितीतले सर्वांत जुने सदस्य समोरच्या खुर्चीत चष्मा पुसत बसले होते. निवृत्त कर्नल, या घरापुरते बाबा.

बाबांचं मत साऱ्या गोतावळ्याला पाठ होतं. उडवणं हे हातांचं काम, पण हवेत निर्णय घ्यायला आणि खाली येऊन त्याचा जाब द्यायला हुद्दा लागतो. जेवताना ते यावर बोलू लागले की आईला हटकून गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवायचं.

“माफी कशाची?” बाबांनी विचारलं.

हवालदार कपात बघत राहिले. “मॅडमना एकेरी बोललो, साहेब. उडताना. मागे डॉक्टर होते. त्यांनी मेसमध्ये गंमत म्हणून सांगितलं, आणि ते वरपर्यंत गेलं.”

बाबांचा चष्मा पुसणारा हात थांबला. “म्हणजे ते प्रकरण तुमचं? महिला अधिकाऱ्याशी उद्धट वर्तन? ते उद्या उदाहरण म्हणून आमच्या समितीपुढे येतंय. नेमकं काय म्हणालात?”

“राहू द्या ना, साहेब.”

“सांगा.”

हवालदारांचे कान लाल झाले. “म्हणालो, अगं बये, सोड!”

आईला हसू आवरेना. तिने तोंडावर हात धरला. “बये? हिला? अहो, हल्ली आम्हीसुद्धा हिला जपून हाक मारतो!”

मुलगी मात्र हसली नाही.

“मी चुकत होते, बाबा,” ती म्हणाली. “पेशंटला उचलायला उतरत होतो. धुळीचा लोट उठला आणि जमीन दिसेनाशी झाली. मला वाटत होतं, सरळ खाली चाललोय. पण आम्ही बाजूला सरकत होतो, झाडांवर. मी हेलिकॉप्टर वळवायचा दांडा चुकीच्या बाजूला दाबून धरला होता. आणखी थोडा वेळ तसाच धरला असता तर...”

आईचा हात तोंडावरच राहिला, पण त्यामागचं हसू केव्हाच पळालं होतं. गेल्या आठवड्यात पोरगी धुळीने माखलेले केस न धुताच येऊन झोपली होती, आणि उशीचा अभ्रा मळवला म्हणून आपण तिला फाडफाड बोललो होतो. एवढं सगळं होऊन तिने चकार शब्द काढला नव्हता.

“हेलिकॉप्टर कोणाच्या ताब्यात होतं?” बाबांनी विचारलं.

“कागदोपत्री माझ्या. अधिकारी मी होते.”

“मग अधिकारी म्हणून तू काय केलंस?”

“दांडा सोडला,” ती म्हणाली. “यांनी सांगितलं, म्हणून सोडला.”

“मॅडमनी लगेच सोडला, साहेब,” हवालदार घाईघाईने म्हणाले. “घाबरलेला माणूस सोडत नाही, आणखी घट्ट धरतो. पण तुमचं म्हणणंही खरं आहे. हुकूम मी द्यायला नको होता. मला खाली ठेवलं तरी तक्रार नाही. मॅडमच्या नावाला धक्का लागू नये, एवढ्यासाठी आलो.”

“खाली राहून काय कराल?” आईने विचारलं.

“देतील भांडारात काहीतरी.” ते हसले खरे, पण हातातला कप अजून भरलेलाच होता.

आईला राहवलं नाही. “माझं लेकरू तुम्ही घरी आणलंत,” ती म्हणाली. “हिला बये म्हणा, गाढव म्हणा, हवं ते म्हणा. तुमचे उपकार मी कशानेही फेडू शकत नाही.” तिने हात जोडले. हवालदार गडबडून उभे राहिले. कपातला चहा बशीत सांडला.

बाबांनी फोन उचलला आणि समितीच्या अध्यक्षांना लावला. आई डोळे पुसत पुढे सरकली. या माणसाची तत्त्वं दारी आलेल्याचं तोंड बघून बदलत नाहीत, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

“उद्या माझ्या जागी दुसऱ्या कोणालातरी बसवा,” बाबा म्हणाले. “नाही, तब्येत ठणठणीत आहे. त्या हवालदारांच्या प्रकरणात मला साक्ष द्यायची आहे. हो, त्यांच्या बाजूने.”

पलीकडचे अध्यक्ष बराच वेळ काहीतरी विचारत राहिले. एरवी समोरच्याचं वाक्य पुरं होऊ न देणाऱ्या बाबांनी ते सगळं ऐकून घेतलं.

“नाही, मी हेलिकॉप्टरमध्ये नव्हतो,” ते म्हणाले. “मी घरी होतो. त्या संध्याकाळी बेल वाजली आणि दार मी उघडलं. दारात माझी मुलगी उभी होती. मला तेवढंच सांगायचंय.”